मदत हवी आहे : इझाकायात सहा जण, त्यात दोघे शाकाहारी

मंडळी, तोक्योत एका इझाकायात (मद्यासोबत छोटे छोटे पदार्थ देणारं जपानी ठिकाण) सहा जणांचं जेवण ठरतंय. दोघे शुद्ध शाकाहारी. अडचण डोळ्यांना दिसणाऱ्या माशाची नाही, दाशीची आहे. कात्सुओबुशी म्हणजे धुरी देऊन खडखडीत वाळवलेला बोनिटो मासा. त्याचे कागदासारखे पातळ काप गरम पाण्यात घालून गाळलेला अर्क, म्हणजेच दाशी, मिसो सूपमध्ये असतो, आगेदाशी तोफूवर (तळलेल्या तोफूवर) ओततात, तेंपुराच्या (पिठात बुडवून तळलेल्या पदार्थांच्या) सॉसमध्येही असतो. इनारीच्या (भात भरलेल्या सुशीच्या) तळलेल्या तोफूच्या पिशव्यासुद्धा बहुधा त्यातच शिजतात. म्हणून नुसतं ‘मासा नको’ म्हटलं तर वरचे काप निघतात, खालचा रस्सा तोच राहतो.

आतापर्यंत जमलेलं: एदामामे (सोयाबीनच्या उकडलेल्या कोवळ्या शेंगा), काप्पा माकी (काकडीची सुशी), फक्त मीठ लावून भाजलेल्या शिशितो (छोट्या, सौम्य) मिरच्या, आणि काप व सॉस वगळून हियायाक्को (थंड तोफू). एवढ्याने पोट भरत नाही. यात काय वाढवावं? ‘साकाना नो दाशी मो दामे देस’ (माशाची दाशीही चालत नाही) एवढं बोलणं पुरेल, की जपानीत लिहिलेली चिठ्ठी स्वयंपाकघरात पाठवावी? चिठ्ठी जास्त खात्रीची वाटते.

दुसरं, ओतोशी. बसल्याबसल्या न मागता येणारी ही छोटी वाटी माणशी काही शे येनची असते. तिच्यात मासा निघाला तर बदलून मागणं रीतीला धरून आहे का?

आणि नोमिहोदाई (ठरलेल्या वेळात, ठरलेल्या पैशात हवं तेवढं पिणं) बहुतेक ठिकाणी टेबलावरच्या सगळ्यांनाच घ्यावी लागते, 90 किंवा 120 मिनिटांची. न पिणाऱ्यांना त्यातच सॉफ्ट ड्रिंकचा स्वस्त दर मिळतो का?