पार्ल्याच्या बिस्किटांचा वास कुठे गेला?

लोकलप्रवासी
नमस्कार. पूर्वी नोकरीसाठी रोज दादरहून अंधेरीला जायचो. पार्ले स्टेशन सुटलं की भाजलेल्या बिस्किटांचा वास डब्यात शिरायचा. परवा बऱ्याच वर्षांनी लेकीला घेऊन त्याच गाडीत बसलो, तिला सांगून ठेवलं होतं, पण वास आलाच नाही. कारखाना बंद झाला का? आणि लेक विचारते, गावाचं नाव बिस्किटावरून पडलं की बिस्किटाचं गावावरून? पार्ले-जी मधला 'जी' म्हणजे जीनियस ना?

पूर्वेची पार्लेकरीण
बंद झाला हो, २०१६ साली. कारखाना पूर्वेला, उत्तरेकडच्या फाटकापाशी होता, म्हणून तर वास गाडीत यायचा. लहानपणी रविवारी आम्ही बोरिवलीला आजीकडे जायचो. परतताना मी बाबांच्या मांडीवर झोपलेली असायचे. अंधेरी सुटलं की बाबा मला हाक मारायचे नाहीत, नुसती खिडकी वर करायचे. वासाने मीच उठायचे.

नाव गावावरूनच पडलं, गाव कितीतरी जुनं. मोहनलाल दयाळ चौहान यांनी १९२९ मध्ये इथे कारखाना काढला तो गोळ्या-पेपरमिंटचा. घराणं रेशमाच्या व्यापारातलं. गोळ्या बनवायचं तंत्र शिकायला ते जर्मनीला गेले आणि यंत्रंही तिकडूनच आणली. बिस्किटं पुढे दहाएक वर्षांनी आली, 'पार्ले ग्लुको' नावाने. तोवर बिस्किट म्हणजे साहेबाच्या टेबलावरची विलायती, महागडी वस्तू. ते आपल्या माणसाच्या कपबशीपर्यंत पोचलं, हे मला या कंपनीचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

'जी' ग्लुकोजचा. नंतर ग्लुकोज बिस्किटं इतक्या जणांनी काढली की गिऱ्हाईक दुकानात नुसतं "ग्लुकोज द्या" म्हणायचं आणि हातात दुसऱ्याच कुणाचा पुडा पडायचा. म्हणून ऐंशीच्या दशकात 'पार्ले-जी' हे नाव आलं. जीनियस वगैरे जाहिरातीतलं, पुष्कळ नंतरचं.

भट्टीवाला
माझी छोटी बेकरी आहे, म्हणून वासाबद्दल लिहितो. साखर, दूध आणि मैदा भट्टीत एकत्र तांबूस होतात, त्याचा तो वास. आमच्या गल्लीतही नानकटाई निघाली की पोरं दारात येतात. मोनॅकोसारख्या खाऱ्या बिस्किटांचं तंत्र वेगळं. कणीक पातळ लाटायची आणि भोकं पाडायची. ती भोकं शोभेची नाहीत, वाफेला वाट हवी म्हणून असतात. नाहीतर बिस्किट पुरीसारखं टम्म फुगेल. लेकीला पुड्यातलं एक काढून दाखवा.

लोकलप्रवासी
दोघांचेही मनापासून आभार! भोकं मोजून झाली. आता पुढचा प्रश्न: फ्रूटीही यांचीच का? आणि पुड्यावरची मुलगी कोण?

पूर्वेची पार्लेकरीण
मूळ घर एकच, पण चौहानांच्या वाटण्या झाल्या. बिस्किटं, मोनॅको, क्रॅकजॅक, किस्मी, मेलडी हे पार्ले प्रॉडक्ट्सकडे. फ्रूटी पार्ले अ‍ॅग्रोची. बिसलेरी तिसऱ्या शाखेकडे गेली. थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट त्यांचेच होते, ते १९९३ मध्ये कोका-कोलाने घेतले.

मुलीबद्दल दर दोन वर्षांनी नवा फोटो फिरतो, "हीच ती" म्हणून. कृपा करून पुढे पाठवू नका. ती कुणाचा फोटो नाही, साठच्या दशकात एव्हरेस्ट या जाहिरात संस्थेच्या चित्रकाराने काढलेलं चित्र आहे, असं कंपनीनेच सांगितलंय. कुणा चित्रकाराच्या हातचं काम दुसऱ्याच्या नावावर जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि पुडा तेव्हा मेणकागदाचा असायचा, पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. आताच्या प्लॅस्टिकमध्ये बिस्किटं जास्त दिवस कुरकुरीत राहतात, ते चांगलंच झालं. पण तो कागद बाबा कधी टाकायचे नाहीत. नीट पुसून, घडी घालून फडताळात ठेवायचे आणि पावसाळा लागला की रेल्वेचा पास त्यात गुंडाळून खिशात. पास काढताना शर्टाच्या खिशाला बिस्किटाचा वास यायचा.