पिंपल्ससाठी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची ब्लड टेस्ट करावी का?

मृण्मयी_सातारा
माझ्या धाकट्या बहिणीला, वय १९, गालावर आणि जबड्याच्या कडेने मोठे दुखरे पिंपल्स येतायत, बसले की काळे डाग राहतात. आता एका लॅबवाल्याने पॅकेज सांगितलंय, त्यात एमडीए, एसओडी, ग्लुटाथायोन असलं सगळं आहे. म्हणे रक्तातूनच कळेल मूळ कुठंय ते. महाग आहे. पण ती आरशासमोर रडते हो, म्हणून विचारतेय, त्या रिपोर्टवरून औषध ठरतं का?

बायोकेमवाला
ताई, नाही ठरत. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे शरीरात फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, जास्त होणं. एमएस्सीला आम्ही हेच एमडीए मोजायचो. फॅटचं ऑक्सिडेशन झालं की ते तयार होतं, सिरममध्ये टीबीए नावाचं रसायन घालून गरम करायचं, गुलाबी रंग येतो तो ५३२ नॅनोमीटरला वाचायचा. पण टीबीए एकट्या एमडीएलाच धरत नाही, साखरेसारख्या बाकीच्या गोष्टींनीही रंग येतो, रक्त काढताना पेशी फुटल्या तरी आकडा बिघडतो. पिंपल्सवाल्यांत एमडीए सरासरी जास्त आणि एसओडी (शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट एन्झाइम) कमी असं बऱ्याच अभ्यासांत आलंय, ते खोटं नाही, पण ती गटाची सरासरी झाली. एकट्या मुलीचा आकडा बघून काय सांगणार? सिगारेट, शुगर, वजन यानेही तो वाढतो.

मृण्मयी_सातारा
मग ह्या ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमुळे पिंपल्स येतात की पिंपल्समुळे हा स्ट्रेस?

बायोकेमवाला
दोन्ही. त्वचेच्या तेलात स्क्वालीन असतं, ते ऑक्सिडाइज झालं की छिद्रं बुजायला आणि सूज यायला मदत होते, मग तिथे न्यूट्रोफिल (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) जमतात आणि ते अजून फ्री रॅडिकल्स सोडतात. आणि गंमत बघा, बेन्झॉइल पेरॉक्साइड हे पिंपल्सवर लावायचं औषध जंतू मारतं तेच मुळी फ्री रॅडिकल्स तयार करून! म्हणून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या खाल्ल्या की काम झालं असं कुणी सांगितलं तर पटवून घेऊ नका.

स्किन_रेसिडेंट
वरचं बरोबर आहे. ते पैसे स्किनच्या डॉक्टरांसाठी ठेवा. पाळी नियमित आहे का? हनुवटीवर जाड केस? तसं काही असेल तर टेस्टोस्टेरॉन वगैरे हार्मोन्स बघायला अर्थ आहे, कारण त्याने औषध खरंच बदलतं. पुढे आयसोट्रेटिनॉइन (पिंपल्सची गोळी, व्हिटॅमिन एच्याच कुळातली) द्यायचं ठरलं तर लिव्हर, लिपिड आणि प्रेग्नन्सी टेस्ट लागते, त्या गोळीने गर्भाला गंभीर व्यंग होऊ शकतं म्हणून. ती चालू असताना व्हिटॅमिन ए वेगळं घ्यायचं नाही. आणि दुखरे पिंपल्स अंगावर काढू नका, खड्डे पडले की भरून यायला फार अवघड जातात.

मृण्मयी_सातारा
पाळी दोन दोन महिने येत नाही तिची, आम्हाला वाटलं परीक्षेचं टेन्शन. पॅकेज नको म्हणून सांगते आजच. झिंक चालू आहे, ते ठेवू का?

स्किन_रेसिडेंट
पाळीचं डॉक्टरांना आधी सांगा. झिंकने काहींना थोडा फरक पडतो, पण मनाने जास्त डोस बरेच महिने घेतला तर शरीरातलं कॉपर कमी होतं, त्यामुळे बाटली सोबत न्या आणि दाखवा.