दंत आरोग्यकांची पदं वाढवायची, की तीच कामं बेकार बीडीएस दंतवैद्यांना द्यायची? (महाराष्ट्रापुरतं)

कीटणशोध्या

महाराष्ट्रात दंतवैद्य उदंड झाले, पण दंत आरोग्यक म्हणजे डेंटल हायजिनिस्ट शोधून सापडत नाही. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात हा पेशा सुरुवातीपासून आहे. व्याख्याही सुटसुटीत: स्वतः दंतवैद्य किंवा डॉक्टर नसलेली, पण दातांवरची कीटण म्हणजे कडक थर काढणारी, दात साफ किंवा पॉलिश करणारी, किंवा मुखस्वच्छता शिकवणारी व्यक्ती. बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा आणि राज्य दंत परिषदेत नोंदणी करायची. कागदावर सगळं जागच्या जागी आहे.

आता ग्रामीण रुग्णालयातल्या दंत विभागाचा हिशोब मांडा. एक खुर्ची, एक दंतवैद्य आणि सकाळची ओपीडी चार तासांची धरली तर हातात २४० मिनिटं. पूर्ण तोंडाचं स्केलिंग, म्हणजे कीटण काढणं, नीट करायला ३० ते ४५ मिनिटं लागतात. असे चार रुग्ण घेतले की किमान निम्मा वेळ संपला. दाढ काढायला आलेले, गालफड सुजलेले बाहेर बाकावर. मग व्हायचं तेच होतं, स्केलिंग दहा मिनिटांत उरकलं जातं. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू चकचकीत होते, कारण रुग्णाच्या जिभेला तीच लागते. शेवटच्या दाढांची मागची बाजू आणि हिरडीखालची कीटण तशीच राहते. हिरडी वरून आवळते, आत रोग चालूच.

म्हणून माझं म्हणणं: जिथे दंतवैद्याचं पद आहे तिथे दुसरी खुर्ची आणि एक दंत आरोग्यक हवाच. मतं येऊ द्या.

दंतकथा

साफ असहमत. देशात बीडीएसच्या जागा वर्षाला पंचवीस हजारांच्या वर आहेत आणि त्यातला मोठा वाटा महाराष्ट्राचा. इंटर्नशिप धरून पाच वर्षं शिकलेली मुलं दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये तुटपुंज्या पगारावर उभी आहेत. त्यांना डावलून दोन वर्षांच्या डिप्लोमासाठी नवी पदं काढायची? पद काढायचंच असेल तर दुसऱ्या दंतवैद्याचं काढा.

दुसरं असं, की स्केलिंग म्हणजे नुसती साफसफाई नव्हे. रुग्ण अर्धा तास तोंड उघडून बसतो तेव्हाच सगळं दिसतं. मिस्री लावायच्या जागेवरचा पांढरा चट्टा, दोन दाढांमधली लपलेली कीड, हलणारा दात, सुपारीने ताठर झालेला गाल. हे बघून पुढचा निर्णय तिथल्या तिथे घेता आला पाहिजे. आरोग्यकाने 'डॉक्टरांना दाखवा' म्हटलं की रुग्ण पुन्हा रांगेत. पन्नास किलोमीटरवरून एसटीने आलेला माणूस दुसऱ्या रांगेला थांबत नसतो.

कीटणशोध्या

दंतकथा, चट्टा ओळखणं आणि त्याचं निदान करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं दोन वर्षांत नक्की शिकवता येतं. आणि बीडीएसला रोज आठ तास फक्त स्केलिंगला बसवलंत तर तो टिकणार किती? एमडीएसच्या म्हणजे पुढच्या पदवीच्या प्रवेश परीक्षेचं पुस्तक ड्रॉवरमध्ये ठेवून वर्षभर काम करील आणि जाईल. ज्याला हेच काम करायचं आहे असा माणूस का नको?

पेरिओपंत

पदवीवरून भांडण्याआधी हे काम नीट म्हणजे काय ते मांडतो. पाच वर्षांची पदवी असली म्हणजे हे येतंच असं नाही, आणि डिप्लोमा असला तरी येतंच असं नाही.

सुरुवात मोजणीने. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी प्रोब, म्हणजे हिरडीखालची खोली मोजायची खुणांची बारीक सळई, घालायचा. २८ दात धरले तर १६८ आकडे. दाब साधारण २५ ग्रॅमचा. जोर लावला तर प्रोब सुजलेल्या हिरडीत नको तितका खोल शिरतो आणि खोली फुगवून दाखवतो. आकडे लिहून घ्यायला दुसरा माणूस लागतो. एकट्याने केलं की दर आकड्याला ग्लोव्हजने पेन धरावं लागतं, म्हणून बहुतेक जण मोजतच नाहीत. मोजल्याशिवाय केलेलं स्केलिंग म्हणजे अंदाजपंचे काम.

मग अल्ट्रासॉनिक, म्हणजे कंपनांनी कीटण काढणारा स्केलर. पिएझो मशीनचं टोक सरळ रेषेत मागेपुढे हलतं, त्यामुळे टोकाची बाजू दाताला जवळजवळ समांतर, फार तर १५ अंशांत लागली पाहिजे. अणकुचीदार टोकच दातावर रोवलं तर मुळावर चरे पडतात आणि पुढची कीटण त्या चऱ्यांत घट्ट बसते. टोक १ मिमी झिजलं की ताकद साधारण पाव कमी होते, २ मिमी झिजलं की निम्मी. तेव्हा ते टाकून द्यायचं असतं. प्रत्यक्षात लोक जोर वाढवतात, रुग्ण कळवळतो आणि गावभर सांगतो की 'सरकारी दवाखान्यात दात खिळखिळे करतात'.

हिरडीखाली हाताची अवजारं लागतातच. ग्रेसी क्युरेट हे खरवडायचं अवजार, त्यातलं ११/१२ नंबरचं मागच्या दातांच्या पुढच्या बाजूला, १३/१४ मागच्या बाजूला, ७/८ गालाकडच्या आणि जिभेकडच्या बाजूंना. पातं दाताशी ४५ ते ९० अंशांमध्ये हवं. ४५ च्या आत गेलं तर ते कीटणीवरून नुसतं घसरतं, ९० च्या पुढे गेलं तर हिरडी कापतं. बोथट पात्याने तर आणखी वाईट होतं, कीटण निघण्याऐवजी तिचा वरचा थर गुळगुळीत होतो आणि मग प्रोबलाही सापडत नाही. धार लावताना दगड आणि पात्याचा दर्शनी भाग यांच्यात १०० ते ११० अंश धरायचे. हे रोज करणारा हात तयार होतो. आठवड्यातून दोनदा करणाऱ्याचा होत नाही, मग पाटीवर कुठलीही पदवी असो.

एवढ्यापुरता मी कीटणशोध्यांच्या बाजूने. मात्र एक अट. दात आणि हिरडीमधले खोल कप्पे, मुळं जिथे फुटतात तिथला रोग, शस्त्रक्रिया हे आरोग्यकाचं काम नाही. त्याची खरी जागा नंतरच्या देखभालीत आहे. उपचारानंतर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा मोजणी आणि पुढे दर तीन महिन्यांनी सफाई, कारण कप्प्यातले जंतू साधारण तेवढ्या काळात पुन्हा जमतात. ही तीन महिन्यांची फेरी आज राज्यात जवळपास कोणीच चालवत नाही.

नोंदणीकृत_बेकार

वर सगळे आरोग्यकाबद्दल बोलताहेत, तर आरोग्यकाच्या बाजूनेही एक नोंद घ्या.

रुग्णालयात पद भरलं तरी काम काय मिळतं? अवजारं धुणं, केसपेपर काढणं, इंजेक्शन भरून देणं. स्केलिंग इंटर्न करतात, कारण त्यांचा कोटा पुरा व्हायचा असतो. खासगीत त्याहून गंमत. तिथे दंत आरोग्यक ठेवत नाहीत, पण नोंदणी नसलेला मदतनीस डॉक्टर जेवायला गेले की स्केलर हातात घेतो. कायद्याने स्केलिंग फक्त नोंदणीकृत दंतवैद्य किंवा नोंदणीकृत आरोग्यकानेच करायचं आहे. दंतकथांना बीडीएसच्या बेकारीची एवढी काळजी असेल तर हे मदतनीस आधी थांबवा, त्यात बीडीएसचंही भलं आहे.

खवचट_खलबत्ता

म्हणजे शिकलेल्याने बशा धुवायच्या आणि न शिकलेल्याने दात. चालू द्या.

गावकुसाबाहेर

चर्चा खुर्चीभोवतीच फिरतेय. आरोग्यक हा पेशा जन्मला तो शाळांसाठी. अमेरिकेत ब्रिजपोर्टला अल्फ्रेड फोन्सने १९१३ साली पहिला वर्ग काढला आणि तिथून बाहेर पडलेल्या बऱ्याच जणी थेट शाळांमध्ये मुलांचे दात साफ करायला आणि घासायला शिकवायला गेल्या. आपल्याकडे हे काम ग्रामीण रुग्णालयाच्या भिंतीआड का कोंडायचं?

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले. गुटखाबंदी २०१२ ची. सुगंधी सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन लोक हातावर मिसळतात. मिस्री तर 'दात घासायची पूड' म्हणून घरात असते, तिला कोणी व्यसन मानतच नाही. यासाठी समोर बसून पंधरा मिनिटं बोलणारा माणूस लागतो. ओपीडीतला दंतवैद्य ती पंधरा मिनिटं आणणार कुठून? आणि आरोग्यकाकडे एक साधी पट्टी द्या. तोंड पूर्ण उघडायला लावून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजायचं. ३५ मिमीच्या आत आलं की नाव लिहून दंतवैद्याकडे पाठवायचं. २० च्या आसपास गेलं की स्केलरचा हँडपीसच दाढेपर्यंत पोचत नाही, मग सफाईही होत नाही आणि चट्टाही दिसत नाही.

अडचण वेगळीच आहे. कायद्यातली व्याख्या पुन्हा वाचा: कीटण काढणं, साफ करणं, पॉलिश करणं, शिकवणं. त्यात फ्लोराइड वार्निशचा उल्लेख नाही, सीलंटचाही नाही. म्हणजे शाळेत सर्वांत उपयोगी असलेली दोन कामं नेमकी त्याच्या हाताबाहेर. ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश ब्रशने लावायला काही मिनिटं पुरतात, वर्षातून दोनदा. सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेच्या खाचा सीलंटने बुजवल्या तर पुढचं रूट कॅनाल टळू शकतं. २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा झाला. त्याचे नियम लिहिताना ही व्याप्ती वाढवून घ्यायला हवी. नाहीतर पदं वाढवून उपयोग नाही.

दंतकथा

हेच ते. आधी 'फक्त स्केलिंग', मग वार्निश, मग सीलंट, उद्या भूल द्यायलाही मागाल. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत हायजिनिस्ट स्वतःचं क्लिनिक थाटते, तेही सांगून टाका.

सीलंटचं म्हणाल तर ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल १५ ते ३० सेकंद लावायचं, धुवायचं, दात खडखडीत कोरडा करायचा. त्यानंतर थेंबभर लाळ लागली की सगळं वाया. सहा वर्षांच्या पोराची अर्धवट आलेली दाढ, शाळेच्या व्हरांड्यात, सक्शनशिवाय? वर्षभरात निम्मी सीलंटं खाली पडलेली दिसतील. वार्निशला माझा विरोध नाही, ते ओल्या दातावरही चिकटतं. एवढं मान्य.

गावकुसाबाहेर

लाळेचा मुद्दा बरोबर. म्हणूनच अर्धवट आलेल्या दाढेवर नेहमीच्या रेझिन सीलंटऐवजी ग्लास आयनोमर हे दातांचं सिमेंट वापरतात. ते टिकतं कमी, पण ओलावा सहन करतं आणि फ्लोराइडही सोडतं. दाढ पूर्ण वर आली की रेझिन. भूल कोणी मागितलेली नाही.

चंद्रपूर-यवतमाळकडे आणखी एक काम आहे. पाण्यातल्या फ्लोराइडमुळे पिवळे-तपकिरी झालेले दात घेऊन लोक 'साफ करून द्या' म्हणून येतात. तो डाग दाताच्या आतला, स्केलिंगने जाणारच नाही. हे आधी समजावून सांगितलं नाही तर रुग्ण आणि डॉक्टर दोघंही वैतागतात. आणि तिथे वार्निश वाटत सुटण्याआधी पाण्याची तपासणी बघा.

नोंदणीकृत_बेकार

दंतकथा वार्निशला हो म्हणाले हे जपून ठेवतो. :)

पेरिओपंत

व्याप्तीवर भांडा, पण पद मंजूर झालं की पहिल्याच महिन्यात ते कुठे अडतं ते सांगतो. अवजारांच्या संचात.

दिवसाला आठ रुग्ण धरा. एका संचात आरसा, प्रोब, सिकल, तीन-चार ग्रेसी, शिवाय अल्ट्रासॉनिकचं टोक आणि ते बसवायची चावी. १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटं ही फक्त निर्जंतुकीकरणाची वेळ झाली. धुणं, पाकिटात भरणं, तापणं, वाळणं धरून तासाच्या वर जातं. मधे वीज गेली तर फेरी पहिल्यापासून. ओली पाकिटं बाहेर काढली तर ती निर्जंतुक धरायची नाहीत. चार संच असतील तर आरोग्यक अकरा वाजता रिकामा बसतो, किंवा पुसून वापरायला लागतो. दुसरी शक्यता जास्त.

म्हणून एका खुर्चीला दहा संच, टोकं वर्षातून किमान दोनदा नवी मागवायची, आणि स्केलरला बोअरचं पाणी जोडायचं नाही. क्षार हँडपीसमध्ये साचतात, पाणी बारीक होतं, टोक तापतं आणि दात आतून दुखतो. बाटलीत डिस्टिल्ड पाणी भरायचं, सकाळी दोन मिनिटं आणि दोन रुग्णांमध्ये अर्धा मिनिट पाणी सोडून द्यायचं. पदाच्या प्रस्तावासोबत ही यादी जोडली नाही तर त्या खुर्चीवर बसलेला बीडीएस असो की डिप्लोमावाला, पेपरच वाचेल.

दंतकथा

संचांच्या मागणीवर माझीही सही. पदाच्या नाही.