चढणीचे मासे आणि बंधाऱ्याचे बरगे

अंडी घालायला नदीतून वर चढणाऱ्या माशांची वाट धरणांमुळे अडते. त्यावर एका प्रतिसादात ‘धरणाला माशांसाठी जिना (म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची पाण्याची वाट) बांधला की झालं’ असं म्हटलंय. मला ते पटत नाही. असे जिने प्रामुख्याने उड्या मारत वर जाणाऱ्या सॅल्मनसारख्या माशांसाठी घडवले गेले. समुद्रातून नदीत अंडी घालायला येणारा हिल्सा तसा उडी मारणारा नाही. १९७५ साली गंगेवरचा फरक्का बराज (दरवाजांचा मोठा बंधारा) सुरू झाला. तिथे माशांसाठी लॉकची, म्हणजे दारं उघडमीट करून मासे वर सोडणाऱ्या कप्प्याची, सोय होती, तरीही पूर्वी अलाहाबादच्याही पुढे मिळणारा हिल्सा गंगेच्या वरच्या भागातून जवळजवळ नाहीसा झाला. शिवाय मासा वर चढला तरी पिल्लं खाली परतणार कुठून?

आपल्याकडे मोठ्या धरणांइतकंच लहान बंधाऱ्यांकडेही बघायला हवं. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर कोकणात वलगण, म्हणजे माशांची चढण, लागते. पोटात गाभोळी घेऊन मासे ओढ्यांतून थेट भातखाचरांत चढतात, अंगभर पाणीही नसताना सळसळत. हे सगळं मोजक्या दिवसांत उरकतं. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या काढत्या-घालत्या फळ्या, पावसाळ्याआधी काढायचे असतात. उशीर झाला की लोंढ्यासोबत आलेले मासे भिंतीखालच्या डोहात अडकतात, आणि जाळी नेमकी तिथेच लागतात.

त्यात पावसाचं वेळापत्रक बिघडलंय. २०२५ला मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला, एखाद्या वर्षी अख्खा मृग कोरडा जातो. म्हणून बरगे तारखेवर नव्हे, पावसाच्या अंदाजावर काढायला हवेत. आणि वलगणीच्या दिवसांत बंधाऱ्याखाली जाळं टाकायला ग्रामपंचायतीने सक्त मनाई करावी.