आरोग्य ॲप बनवताना रुग्णाला बोलवायचं कधी? काय बनवायचं हे ठरवताना, की बनवून झाल्यावर?

सांजवात

आरोग्याच्या ॲपांत रुग्णांचा आणि दिव्यांगांचा सहभाग घेतला, असं हल्ली सगळेच सांगतात. पण तो घेतात कधी? रंग ठरले, बटणांच्या जागा ठरल्या, कोड लिहून झाला, की मग चार जणांना बसवून विचारायचं, "वापरून बघा हो, जमतंय का?" त्या वेळी माणूस फार तर अक्षरं मोठी करा म्हणेल. हे ॲप मुळात भलतंच विचारतंय, असं म्हणायची सोयच उरलेली नसते.

मला संधिवात आहे. वेदनांची नोंद ठेवणारी ॲपं रोज 0 ते 10 मधला एक आकडा मागतात. माझा 4 म्हणजे चांगला दिवस, दुसऱ्या कुणाचा 4 म्हणजे सुट्टी घेण्याचा दिवस. त्यापेक्षा सकाळी सांधे मोकळे व्हायला किती वेळ लागला, आज कुठलं काम दुसऱ्याकडून करून घ्यावं लागलं, हे विचारलं तर डॉक्टरांनाही काही कळेल. त्यात सलग नोंदींची साखळी! आजार उसळला की नोंद करायची राहून जाते, साखळी तुटते आणि ॲप सातत्याचे धडे देतं. म्हणजे ज्या दिवसांची माहिती सगळ्यात महत्त्वाची, नेमके तेच कोरे.

संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारात, कलम 4(3) मध्ये, आपल्याबद्दलचे निर्णय होताना आपल्याशी सल्लामसलत करून आपल्याला सक्रिय सहभागी करून घ्यावं, असं आहे. तो करार सरकारांना बांधतो, कंपन्यांना नाही, हे मला ठाऊक आहे. तरी माझी मागणी तीच: काय बनवायचं हे ठरतानाच रुग्ण हवा, त्याच्या वेळेचे पैसे मिळावेत आणि त्याच्या नकाराला वजन असावं.

बायनरी

असहमत. मी ॲप बनवण्याचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर.

प्रवेशयोग्यतेचे, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता यावं यासाठीचे, निकष तयार आहेत. डब्ल्यूसीएजी या त्यांच्या जागतिक नियमावलीची 2.2 आवृत्ती ऑक्टोबर 2023 मध्ये आली. बटणासारखी जागा किमान 24 बाय 24 पिक्सेल, ओढून सरकवायच्या क्रियेला साध्या टॅपचा पर्याय, लॉगिनसाठी स्मरणशक्तीची परीक्षा नको, सगळं त्यात लिहिलंय. हे निमूटपणे पाळलं तरी बऱ्याच तक्रारी मिटतील. आधी तेवढं तरी करू या.

दुसरं, प्रतिनिधी कोण? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात 1.3 अब्ज लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे दर सहातला एक. बैठकीला येणार चार. तेही बोलके, शिकलेले, मोबाईल सराईतपणे वापरणारे. शिवाय गरजा एकमेकींना छेद देतात. अल्पदृष्टी असलेल्याला ठळक विरोधी रंग हवेत, मायग्रेनवाल्याला तेच सहन होत नाहीत. सगळ्यांचं ऐकून बनवलेलं ॲप कुणाच्याच कामाचं नसतं.

काठीवाला

@बायनरी, मी जन्मांध आहे. निकष पाळलेली ॲपं रोज हाताळतो. रक्तातल्या साखरेच्या आलेखाला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी ऐकू येणारं वर्णन, दिलेला असतो: 'मागच्या आठवड्याचा साखरेचा आलेख'. तपासणीचं सॉफ्टवेअर खूश. मला काय कळलं? आलेख आहे, एवढंच. रात्री साखर उतरली होती का, ते कुणी सांगायचं? आणि तुमच्या निकषांच्या प्रस्तावनेतच कबूल केलंय की सर्वोच्च पातळी गाठली तरी सगळ्या प्रकारच्या अपंगत्वांना, विशेषतः आकलन, भाषा आणि शिकण्यातल्या अडचणींना, ते पुरेल असं नाही.

रंगांचा प्रश्न सेटिंगमध्ये दोन पर्याय दिले की सुटतो. तो काही धर्मसंकट नव्हे.

पण @सांजवात, तुमच्याही एका गोष्टीवर आक्षेप. सुरुवातीपासून बोलावलं म्हणजे ऐकलं असं होत नाही. शेरी आर्नस्टीन यांनी 1969 मध्ये नागरिक सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. मत विचारणं तिच्यात मधेच कुठेतरी येतं आणि तिथे हातात सत्ता काहीच नसते. मला पहिल्या बैठकीलाही बोलावलंय आणि शेवटच्याही. दोन्हीकडे चहा, फोटो, आभार. आमच्यातले तेच ते पाच-सहा जण सगळीकडे फिरतात, हे बायनरी म्हणतात ते खरं आहे.

स्टेथो

डॉक्टर म्हणून बोलतो. रुग्णाला काय हवं आणि रुग्णासाठी काय सुरक्षित, यात फरक असतो. मे 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध आणि उपकरण नियामक संस्थेने, मधुमेही लोकांना इशारा दिला होता की परवानगी नसलेली उपकरणं जोडून इन्सुलिन चालवू नका. अशाच एका जोडणीत जास्त इन्सुलिन जाऊन एका रुग्णावर उपचार करावे लागले होते. उत्साहाला माझा विरोध नाही. निर्णय मात्र ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याचाच.

सांजवात

@स्टेथो, ती जोडणी लोकांनी का केली, हेही बघा ना. डेना लुईस यांना टाइप 1 मधुमेह. रात्री साखर उतरल्यावर वाजणारा गजर त्यांना जागं करण्याइतका मोठा नव्हता. 2013 च्या सुमारास त्यांनी आणि स्कॉट लीब्रँड यांनी आवाज वाढवण्यापासून सुरुवात केली, आणि 2015 मध्ये साखरेनुसार इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करणाऱ्या ओपनएपीएसची रचना सगळ्यांसाठी खुली केली. झोपलेल्या माणसाला हा गजर ऐकू येईल का, हे मधुमेह घेऊन रोज झोपणाऱ्याला पहिल्याच बैठकीत विचारता आलं असतं.

आणि एफडीएनेच जानेवारी 2023 मध्ये टाइडपूल लूप या इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करणाऱ्या ॲपला मंजुरी दिली. त्याचं मूळ रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी उभ्या केलेल्या ॲपमध्ये आहे. म्हणजे सुरक्षेची तपासणी तज्ज्ञांनी केली आणि काय हवं ते रुग्णांनी ठरवलं. दोन्ही एकत्र जमतं की.

बायनरी

लुईस यांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तांत्रिक गोष्टी हाताळता येणारे, वेळ असणारे लोक पुढे येतात. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, जो आजाराने दमून झोपलाय, तो कुठे आहे यात?

पण समजा मी मान्य केलं. 'नकाराला वजन' हे करारात कसं लिहायचं? ग्राहकाला तारीख दिलेली असते हो.

काठीवाला

दोन गोष्टी लिहा. खर्च मंजूर होण्याआधी एक बैठक, त्यात कुठलं वैशिष्ट्य वगळायचं हे आम्ही सुचवायचं आणि ते का वगळलं नाही याचं उत्तर तुम्ही लेखी द्यायचं. दुसरं, अपडेट बाहेर जाण्याआधी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ते चालतंय याला पगारी माणसाचा होकार. दर अपडेटला बटणांची नावं गळतात आणि औषधाच्या यादीत मला नुसतं 'बटण, बटण, बटण' ऐकू येतं. दमलेल्या माणसापर्यंत तुम्ही जा, घरी, त्याच्या सवडीने. तो तुमच्या कार्यालयात येणार नाहीच.

स्टेथो

लेखी उत्तराची कल्पना पटली. पण रुग्णांनी औषधाच्या धोक्याचा इशाराच वगळा म्हटलं तर? तिथे मी ऐकणार नाही.

सांजवात

इशारा वगळा असं क्वचितच कुणी म्हणेल. दिवसातून दहा वेळा तोच दाखवू नका, असं म्हणतील. इशाऱ्यांचा भडिमार झाला की डॉक्टरही न वाचता ते बाजूला सारतात, हे तुमच्याच क्षेत्रात जुनं दुखणं आहे. तुम्ही किती वाचता?

स्टेथो

सगळे नाही.