नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात अन्नगट सुरू करतोय: भांडी, बियाणं, हातची कला कशी वाटून घ्यावी?

धागाकर्ती:
नमस्कार मंडळी. आमच्या तीन-चार गल्ल्यांतल्या घरांनी मिळून गट करायचं ठरलंय. कोणाकडे मोठाले गंज (पातेली) आहेत, कोणाची गच्ची रिकामी, कोणाला कुरडया येतात, कोणाला भाज्या लावायच्यात. जवळच्या वसतिगृहातल्या पोरांनाही घरचं खायला मिळावं असं मनापासून वाटतं. सुरुवात कुठून करावी? दोन धास्ती आहेत. नेलेल्या वस्तू परत येतील का, आणि उन्हाळ्यात शिजलेलं अन्न टिकेल का?

इतवारीकर:
ताई, शिजलेल्या अन्नापासून सुरुवात नकोच. गरम अन्न 60 अंशांच्या वर किंवा गार अन्न 5 अंशांच्या खाली, मधलं सगळं धोक्याचं. एरवी बाहेर दोन तास चालून जातं, मे महिन्यात आपल्याकडे एक तास धरा, त्यातही भात सगळ्यात आधी दगा देतो. लग्नघरचं उरलेलं वाटायचं मनात असेल तर एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे) उरलेल्या अन्नाबद्दलचे 2019 चे नियम आधी वाचून घ्या. पोरांसाठी पापड, कुरडया, शेवया, लोणचं द्या. कोरडं अन्न महिनोन् महिने टिकतं.

भांड्यांचं सोपं आहे. बिछायत केंद्रवाले (लग्नाकार्याला भांडी-सतरंज्या भाड्यानं देणारे) करतात तेच करा: एक वही, एकच माणूस, नेताना मोजून, आणताना मोजून. प्रत्येक गंजावर मालकाचं नाव कोरून घ्या. झारे, झाकणं आणि चाटू (घोटायचे लाकडी पळे) जास्त हरवतात, तेही वहीत लिहा. वही सांभाळणाऱ्याला मात्र बाकी कामातून सूट द्या, नाहीतर दोन महिन्यांत कंटाळेल.

महालची काकू:
कुरडयांसाठी एप्रिल गाठा, ऊन कडक हवं. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. मग वाटून, गाळून चीक (गव्हाचं पांढरं दाट सत्त्व) रात्रभर बसू द्यायचा आणि सकाळी वरची निवळ हलक्या हातानं ओतून टाकायची. चीक जितका तितकंच पाणी मीठ-हिंग घालून उकळायचं, त्यात चीक सोडून चाटू थांबवायचा नाही. इथे दोघीजणी लागतातच, एक ओतणारी, एक घोटणारी. चीक चकाकायला लागला, चाटूला जड झाला की गरम असतानाच सोऱ्यात भरायचा. गार झाला की दाबताना हात मोडतो. म्हणून हे काम एकटीच्या घरात मागं पडत चाललंय, आणि म्हणूनच तुमचा गट मला फार मोलाचा वाटतो.

एक विनंती. ज्या म्हाताऱ्या बायांना हे येतं, त्यांना नुसतं राबवू नका. रिक्षानं आणा, खुर्ची द्या, सांगणं त्यांचं, हात तरुण पोरींचे आणि पोरांचेही. लांब पोळ्या (मडक्यावर भाजायच्या मोठ्या, पातळ पोळ्या) करणाऱ्या बाया मिळाल्या तर त्यांच्या दिवसाची मजुरी बुडते, ती द्याच. पैशाशिवाय चालवायचं हे चांगलं आहे, पण ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांच्याकडून फुकट शिकू नये.

गच्चीवाला:
बियाणं गावरानच घ्या. संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी तसंच उगवत नाही, मग वाटण्यात अर्थ उरत नाही. मूठभर नेलं तर पीक आल्यावर दोन मुठी परत, हा नियम ठेवा. बी सावलीत खडखडीत वाळवून, राख लावून बरणीत भरा आणि वर वाणाचं नाव व वर्ष लिहा. उन्हाळ्यात गवार, चवळी, भेंडी तग धरतात, हिरवी जाळी मात्र लागेल. सांबार (कोथिंबीर), मेथी थंडीसाठी ठेवा. नुसती काळी माती कुंडीत घालू नका, पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. निम्मं कुजलेलं खत मिसळा. अडलं तर महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात विचारा.

धागाकर्ती:
खूप आभार. मग पहिलं काम कुरडयांचंच धरतो, त्यातल्या अर्ध्या वसतिगृहातल्या पोरांसाठी. आजींची मजुरी आणि रिक्षा वर्गणीतून काढू. काकू, वाळवण एकाच मोठ्या गच्चीवर घालावं की ज्याचं त्यानं आपापल्या घरी?

महालची काकू:
एकाच गच्चीवर. बाजेवर सुती लुगडं अंथरा, वर जाळी टाका, कबुतरं आणि माकडं दोन्ही येतात. सकाळी सातच्या आत दाबून व्हायला हवं. दुपारी वावटळ उठली की धूळ बसते, म्हणून राखणीच्या पाळ्या आधीच लावून ठेवा. संध्याकाळी उलटवा, दुसऱ्या दिवशी परत ऊन. मोडली तर कटकन आवाज आला पाहिजे, तेव्हाच डब्यात भरा.