बी विंग (फक्त कामाचे मेसेज)

शेटे काका (जी-2): काल रात्री नेपाळचा व्हिडिओ पडला ग्रुपवर. लोक मॉल फोडून टीव्ही, फ्रिज, तेलाचे डबे नेतायत आणि खाली आपल्या सात जणांच्या टाळ्या. नावं घेत नाही, दिसतायत. दुकानदाराचा काय दोष, एवढंच कोणीतरी सांगा.

रोहित (304): काका, व्हिडिओ मी टाकला. टाळ्या लुटीला नव्हत्या ओ, सरकार पडलं त्याला होत्या. समाजमाध्यमं बंद केली, 8 सप्टेंबरला एका दिवसात 19 जण मेले, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींचा राजीनामा. पोरांचा राग निघणारच की.

शेटे काका (जी-2): राग ओलीवर ना? मग टीव्ही त्या भाटभटेनी मॉलवाल्याचा का? दुकानदाराचा काय दोष?

कुलकर्णी वहिनी (102): पाणी किती वाजता सोडणार आज?

पवार (201): लुटायचंच झालं तर मी फक्त भडंगाचं दुकान लुटेन. तत्त्व म्हणून 😄

कुलकर्णी वहिनी (102): तुम्ही आधी गॅलरीतून थोटकं टाकायची बंद करा तत्त्व म्हणून. माझ्या तुळशीत आजही दोन निघाली.

पवार (201): वहिनी, ती वरच्या मजल्यावरची.

रोहित (304): आम्ही कोणी ओढत नाही.

पाटील वकील (401): पाच किंवा जास्त जणांनी मिळून जबरी चोरी केली की दरोडा. न्याय संहिता, कलम 310. आंदोलन चालू होतं हा बचाव होत नाही.

रोहित (304): वकीलसाहेब, कायद्याने चूक हे माहितीय. नैतिक चूक का, ते विचारतोय.

पाटील वकील (401): त्याची फी वेगळी.

स्नेहा (303): 12 मे 1875, सुपे, पुणे जिल्हा. बाजाराचा दिवस होता. शेतकऱ्यांनी सावकारांची घरं धरली आणि कर्जरोखे जाळले. अमेरिकेतलं युद्ध संपून कापसाचा भाव पडलेला, सारा वाढवलेला, कर्ज फिटेना. ज्याने रोखे मुकाट काढून दिले त्याच्या अंगाला सहसा हात लावला नाही. 1879 ला शेतकऱ्यांसाठी कायदा आला तो त्यामुळेच. म्हणजे उपयोग झाला.

मोहिते मॅडम (सेक्रेटरी): एमपीएससीचा अभ्यास चांगला चाललाय म्हणायचा 👏

पाटील वकील (401): स्नेहा, अर्धंच सांगितलंस. नुसते रोखे जाळले नाहीत. सुप्यात दुकानंही लुटली होती, कापड, धान्य, सगळं. पुस्तक नीट वाच.

स्नेहा (303): हो सर, सुप्यात लुटलं. म्हणूनच म्हणतेय, कागद जाळणं आणि कापड नेणं ह्यात फरक आहे. कागदावर त्यांच्या गळ्याचा फास होता. कापडावर काय होतं?

शेटे काका (जी-2): कापडावर दुकानदाराची उधारी होती पोरी. त्यानेही कुठून तरी आणलंच असेल.

पवार (201): आता माझं ऐका. आमचे आजोबा प्रतिसरकारच्या तुफान सेनेत होते, कुंडलला. 7 जून 1943, शेणोलीला पगाराची गाडी अडवली. त्याला आमच्या घरात कोणी लूट म्हटलेलं चालायचं नाही. इंग्रजाने आपलंच नेलेलं, आपण परत आणलं, बस्स. पैसा चळवळीला गेला, घरी कोणी नेला नाही.

रोहित (304): तेच की! सरकारचं घेतलं तर चालतं.

शेटे काका (जी-2): भाटभटेनी सरकारचं नाही. तिसऱ्यांदा विचारतोय, दुकानदाराचा काय दोष?

देशपांडे आजोबा (101): टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. मी सहा वर्षांचा होतो. गांधीजी गेले आणि तीन दिवसांनी आमच्या वाड्यासमोर शंभर-दीडशे माणूस उभा राहिला. गोडसे कोण हे आमच्या वडिलांनाही माहीत नव्हतं, आडनावाची मात्र बेरीज झाली होती. तेव्हाही लोक म्हणाले, राग आहे, निघणारच. वाडा जाळला हे लक्षात नाही. आईचं तांब्याचं घंगाळ लक्षात आहे, त्याच्या कडेला एक पोचा होता. पुढच्या दिवाळीला ते शेजारच्याच दारात चुलवणावर पाणी तापताना पाहिलं. त्या घरचे काका मला रोज बोरं द्यायचे. नंतरही देत होते.

(बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही.)

पवार (201): आजोबा, माफ करा, पण प्रतिसरकारचा आणि ह्याचा संबंध जोडू नका.

देशपांडे आजोबा (101): मी जोडलाच नाही पवार. तुम्हाला जोडलेला दिसला.

पवार (201): तुमच्या बोलण्याचा रोख कळतो की. सावकारी कोण करत होतं हेही कळतं.

मोहिते मॅडम (सेक्रेटरी): जातीवर अजिबात नको. मागच्या वेळी गणपतीत काय झालं ते सगळ्यांना आठवतंय. पुढचा मेसेज तसा आला तर मी ग्रुप बंद करेन. आणि 203, 302 यांचा तीन महिन्यांचा मेंटेनन्स राहिलाय.

जाधव (302): ह्या विषयात मेंटेनन्स कुठून आला?

पाटील वकील (401): लुटीत वाटा 😄

रोहित (304): काका, राग मानू नका, पण 2019 चा सांगलीचा पूर आठवा. आयर्विन पुलाला 57 फूट, तुम्ही बुधगावला बहिणीकडे अडकलेले, फोन लागेना. तुमच्या दुकानाचं कुलूप आपल्याच विंगने तोडलं होतं. वरच्या दोन मजल्यांवर सोळा माणसं होती, त्यात 202 चं तान्हं बाळ. ती लूट होती का?

कुलकर्णी वहिनी (102): अरे ते वेगळं. ते पोटासाठी. आणि तसंही सगळं भिजणारच होतं.

रोहित (304): मग नेपाळातही काही लोक पोटासाठीच नेत असतील. पिठाची पोती दिसत होती व्हिडिओत.

कुलकर्णी वहिनी (102): आणि टीव्ही? तो शिजवून खाणार का?

शेटे काका (जी-2): रोहित, बरं झालं काढलंस. मी कधी काढलं नसतं.

शेटे काका (जी-2): [फोटो]

शेटे काका (जी-2): हे कॅलेंडरचं पान. जुलै 2019, मागच्या बाजूला. अक्षर मोहिते मॅडमचं. तांदूळ 25 किलो, बिस्किटपुडे 40, दूध पावडर 6, मेणबत्त्या, काडेपेट्या, मीठ, शेवटी पेन चालत नव्हतं म्हणून पेन्सिलीने लिहिलंय. खाली सह्या. नोव्हेंबरात मला 3,180 रुपये रोख मिळाले, दहा-दहाच्या नोटासुद्धा होत्या. म्हणून मी त्याला लूट म्हणत नाही. कागद जपून ठेवलाय तो त्यासाठीच.

मोहिते मॅडम (सेक्रेटरी): काका 🙏 तुम्ही तेव्हा एक शब्द बोलला नाहीत.

शेटे काका (जी-2): आता बोलतो. गल्ल्याच्या वर छताला टेकून सिगारेटचं कपाट होतं. पाण्याची रेघ अजून भिंतीवर आहे, कपाटाच्या हातभर खाली. म्हणजे ते भिजलं नाही. पण मी आलो तेव्हा कपाट उघडं आणि आत एक पाकीट नाही. यादी दहा वेळा वाचली. सिगारेट कुठे नाही.

जाधव (302): बाहेरचं कोणी असेल ओ. पुरात चोऱ्या झाल्याच होत्या.

शेटे काका (जी-2): असेल. बाहेरच्याने चिल्लरचा डबा नेला असता. तो जागेवर होता, गाळाने भरलेला.

स्नेहा (303): म्हणजे पोटाचं सगळं यादीत आलं आणि...

मोहिते मॅडम (सेक्रेटरी): स्नेहा, पुरे.

रोहित (304): काका, मी तेव्हा बारावीत होतो हां.

शेटे काका (जी-2): तुझं नाव घेतलं का मी? कोणाचंच घेतलं नाही. दुकानदाराचा काय दोष, एवढंच विचारतोय सकाळपासून.

पवार (201): हा मेसेज डिलीट केला आहे.

शेटे काका (जी-2): वाचायच्या आत गेला पवार. राहू दे. दुकान साडेनऊपर्यंत उघडं असतं.

कुलकर्णी वहिनी (102): पाणी आलं. धार बारीक आहे, वरच्यांनी मोटर लावू नका.